कोऱ्या जागेचा इतिहास

मराठीत 'समास' या एकाच शब्दाने तीन ठिकाणी तीन निरनिराळी कामे पत्करलेली आहेत. व्याकरणात तो दोन पदांमधले अंतर मिटवून त्यांना एकत्र आणतो. कागदावर तोच शब्द मजकूर आणि कागदाची कड यांच्यामध्ये बुद्ध्या राखलेल्या अंतराचे नाव होतो. आणि समर्थ रामदासांच्या दासबोधात तर प्रत्येक प्रकरणालाच समास म्हटले आहे. वीस दशक आणि प्रत्येक दशकाचे दहा समास, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. आज मला ज्याविषयी बोलावयाचे आहे तो समास यांपैकी दुसरा, म्हणजे कागदावरचा. त्यातही ओळीच्या आरंभी जी थोडीशी कोरी जागा सोडण्याचा प्रघात आहे, तेवढ्या जागेचाच इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे.

जेथे काहीच लिहिलेले नाही त्या जागेला इतिहास तो कसला असणार, अशी शंका कोणाही श्रोत्याच्या मनात येईल. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना मात्र ती यावयाची नाही. आज्ञावली, म्हणजे ज्याला व्यवहारात आपण प्रोग्रॅम म्हणतो, ती साध्या मजकुरासारखीच ओळीओळींनी लिहिली जाते, आणि ती लिहिण्यासाठी 'एडिटर' नावाचे साधन वापरतात. एका आज्ञेच्या पोटात दुसरी आज्ञा येत असेल, तर ती दुसरी ओळ थोडी आत सरकवून लिहावयाची, असा सार्वत्रिक संकेत आहे. ती किती आत सरकवावी? त्यासाठी कळफलकावरची टॅबची कळ वापरावी, की एकेक मोकळी जागा मोजून टाकावी? रुंदी दोन घरांची, चार घरांची की आठ घरांची धरावी? एडिटर हाती घेतल्याबरोबर हे प्रश्न पुढे उभे राहतात, आणि त्यांवर जगभरच्या जाणत्या माणसांनी कित्येक दशके वाद घातलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो पोरकट वाटतो. परंतु या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न पुष्कळ जुना आहे आणि आपल्या मराठी लेखनव्यवहाराला तो संगणकाच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. तो प्रश्न असा, की कोऱ्या जागेचा नेम कोणी ठरवावयाचा आणि तो कोठे नोंदवून ठेवावयाचा?

या प्रश्नाचा विचार करणारा आपल्याकडचा पहिला मोठा लेखक शोधावयाचा झाल्यास पुन्हा समर्थांकडेच जावे लागते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळीला ओळ लागू नये, हे तर ते सांगतातच. पण त्याहून मार्मिक अशा तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या आहेत. पहिली ही, की कागदाच्या सभोवती जागा सोडून मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का पोचत नाही. दुसरी ही, की ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर यांच्यात फरक दिसू नये. सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. आणि तिसरी ही, की तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. कोरी जागा ही शोभेसाठी नसून संरक्षणासाठी असते. नेम कोणताही असो, तो आरंभापासून अखेरपर्यंत एकच असावा. आणि लिहिणाऱ्याच्या सोयीपेक्षा पुढे वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करावा. सतराव्या शतकातील ही तीन सूत्रे आजच्या आज्ञावलीकाराला जशीच्या तशी लागू पडतात, हे आपल्या पुढे ध्यानात येईल.

समर्थांचा उपदेश बाळबोध लिपीत ग्रंथ लिहिणाऱ्यांसाठी होता. दप्तरातल्या कारकुनाची लिपी मोडी, आणि तिची रीत अगदी निराळी. मोडी लिहिताना आधी कागदाच्या रुंदीभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग बोरूने त्या रेघेखाली अक्षरे लिहीत जावयाचे. शब्द आणि शब्द यांच्यात अंतर नाही, विरामचिन्ह नाही. आजच्या वाचकाला ती रचना गुदमरवून टाकते. परंतु तिच्यात कारभाराचे एक शहाणपणही दडलेले आहे. राजपत्रात कोरी जागा राहणे म्हणजे पुढे कोणीतरी तेथे आपला मजकूर घुसडण्याची सोय करून ठेवणे. म्हणूनच शिवकालीन पत्राच्या अखेरीस मर्यादेचा लहान शिक्का उमटवीत. मजकुराची सीमा येथे संपली, यापुढे जे काही दिसेल ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. आजही आपण धनादेशावर अक्षरी रक्कम लिहून पुढे 'फक्त' किंवा 'मात्र' लिहितो आणि उरलेल्या जागेवर रेघ मारतो, तो त्याच मर्यादेच्या शिक्क्याचा वंशज म्हणावयास हरकत नाही.

ही मोडी आमच्या छत्तीसगडातही आली. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास राज्यकारभार पाहू लागले आणि १७८७ पर्यंत, म्हणजे आपल्या निधनापर्यंत, तेथे राहिले. त्यांच्याबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी या प्रदेशाच्या कचेरीत शिरली. पुढे सुभेदारांची अमदानी आली. १८१८ मध्ये नागपूरच्या राज्याची देखरेख इंग्रजांकडे गेली, आणि अ‍ॅग्न्यू नावाच्या अधिकाऱ्याच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. १८३० ते १८५४ या काळात भोसल्यांचा अंमल पुन्हा होता, आणि त्यानंतर तो कायमचा संपला. रायपुरातील तात्यापारा या वस्तीच्या नावात त्या काळची मराठी खूण अद्यापि शिल्लक आहे. सत्ताधारी बदलले, दप्तराची भाषा बदलली. परंतु मुख्य बाब ओळीच्या टोकाशी आणि तिच्या पोटातली बाब थोडी आत, ही हिशेबी मांडणी कोणीही मोडली नाही.

'पोटातली बाब' हा शब्दप्रयोग मी सहज केलेला नाही. आपल्या भाषेला ही मांडणी इतकी अंगवळणी पडलेली आहे, की कायद्याच्या कलमात पोटकलम येते, जमिनीच्या तुकड्यात पोटहिस्सा येतो आणि भाडेकरूच्या खाली पोटभाडेकरू येतो. आमच्याकडे हिंदीत ज्याला उपधारा म्हणतात, ती नुसती जवळ उभी आहे असे वाटते. मराठीतले पोटकलम मात्र कलमाच्या पोटात असते. आज्ञावलीकार ओळ आत सरकवून जे दाखवू पाहतो, ते आपण एका शब्दात बोलून जातो.

हिशेबाच्या क्षेत्रात आणखी एक सुंदर युक्ती प्रचलित होती. व्यापाऱ्यांच्या लाल वहीचे पान रेघांनी आखलेले नसे. पानाला उभ्या घड्या घालून त्यांचे वळ पाडीत, आणि त्या वळांच्या आधाराने रकाने सांभाळीत. रक्कम एका घडीत, तपशील पुढच्या घडीत. ही युक्ती वरवर पाहता क्षुल्लक आहे, पण तिच्यातला एक गुण विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मांडणीचा नेम कागदाच्या अंगातच मुरलेला असे. वही रायपुराहून नागपुरास गेली तरी घड्या तिच्याबरोबर जात, आणि तेथल्या मुनीमाला कोणता रकाना कोठे सुरू होतो हे कोणास विचारावे लागत नसे.

छपाईची कला आली आणि कोऱ्या जागेचे रूप पालटले. मराठीत विरामचिन्हांची शिस्त रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांना देतात. १८५० सालचे त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक प्रसिद्धच आहे. शब्द सुटे झाले, वाक्ये सुटी झाली, आणि परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकून सुरू होऊ लागली. छापखान्यातील जुळाऱ्याच्या दृष्टीने ही कोरी जागा म्हणजे शून्य नव्हते. जेथे अक्षर उमटावयाचे नाही तेथेही त्याला एक खिळा बसवावाच लागे. फक्त तो ठेंगणा असे, म्हणून शाई त्याला लागत नसे. म्हणजे मोकळ्या जागेलाही वजन होते, जाडी होती आणि केसमध्ये तिचे स्वतंत्र घर होते. आमच्या प्रदेशातील 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० साली पेंड्र्याहून निघू लागले. त्याचे संपादक माधवराव सप्रे हे जन्माने मराठी. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे तेच. त्या मासिकाची छपाई आरंभी रायपुरात झाली, आणि त्याच्या प्रत्येक परिच्छेदापुढची रिकामी जागा शिशाचे ठोकळे मोजून भरलेली असणार. एकदा फर्मा छापला, की ती जागा काशीच्या वाचकाला आणि पुण्याच्या वाचकाला सारखीच दिसे. लिहिणाऱ्याने ठरविलेले अंतर वाचणाऱ्यापर्यंत अविकृत पोचावे, याची हमी शिशाने दिली होती.

यानंतर टंकलेखनयंत्र आले. कोष्टके टंकलिखित करणे हे त्यावर मोठे कष्टाचे काम होते. प्रत्येक आकड्यापर्यंत पोचण्यासाठी मोकळ्या जागेची पट्टी पुनःपुन्हा दाबावी लागे. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास यावर तोड निघाली. यंत्राच्या पाठीमागे हव्या त्या ठिकाणी लहान खुंट्या बसवावयाच्या. एक विशिष्ट कळ दाबली, की कागद वाहून नेणारा गाडा घसरत पुढच्या खुंटीपाशी येऊन थांबावयाचा. कोष्टक करणारी म्हणून तिचे नाव टॅब्युलेटर, आणि तेच संक्षेपाने टॅब. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले, आणि पुढे अर्धशतकभर कचेरीकचेरीतून आणि न्यायालयाच्या आवारातील झाडांखालून या खुंट्यांचा खडखडाट ऐकू येत राहिला. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खुंट्या यंत्राच्या, पण त्यांचा परिणाम कागदावर. कागद यंत्रातून निघाला, की खुंट्यांची आठवण राहात नाही. राहते ती ठरलेल्या रुंदीची कोरी जागा.

संगणकाने हाच क्रम उलटा केला, आणि सारा वाद तेथून सुरू झाला.

आरंभी तसे नव्हते. ऐंशी रकान्यांच्या छिद्रित पत्त्यांवर आज्ञावली लिहीत तेव्हा फोर्ट्रान भाषेत कोणता रकाना कशासाठी हे बांधून दिलेले होते. पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ चालू असल्याच्या खुणेसाठी, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष आज्ञा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली मोठा सीडीसी ३६०० संगणक आला, तेव्हाच्या आपल्या शास्त्रज्ञांनी अशाच पत्त्यांच्या चळती हाताळल्या. नेम तेथेही पत्त्याच्या अंगातच होता, लाल वहीच्या घड्यांप्रमाणे.

परंतु १९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' ही संकेतावली ठरली, तीत प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक मिळाला. मोकळ्या जागेचा क्रमांक बत्तीस आणि टॅबचा क्रमांक नऊ. येथे मेख आहे. संचिकेत केवळ 'नऊ' एवढाच अंक साठवला जातो. त्याची रुंदी किती, हे संचिकेत कोठेही नोंदलेले नसते. पुढच्या खुंटीपर्यंत जा, असा तो नुसता हुकूम आहे, आणि खुंट्या कोठे रोवल्या आहेत हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवावयाचे. जुन्या यंत्रांवर आठ घरांचा प्रघात पडला. पुढे कोणी चार घरे पसंत केली, कोणी दोन. टंकलेखनयंत्राच्या कागदावर परिणाम उरत होता आणि हुकूम विसरला जात होता. संगणकाच्या संचिकेत हुकूम उरला आणि परिणाम ज्याचा त्याने पाहावा असे झाले.

यातून घोटाळा कसा होतो ते पाहा. एका लेखकाच्या पडद्यावर टॅबची रुंदी चार आहे. त्याने एक ओळ टॅबने आत सरकवली आणि तिच्याखालची ओळ चार मोकळ्या जागा मोजून सरकवली. त्याला दोन्ही ओळी एका रेषेत दिसतात. तीच संचिका आठ रुंदीच्या पडद्यावर उघडली, की पहिली ओळ दुप्पट आत जाते आणि दुसरी जागीच राहते. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, हे आता डोळ्यांना उमगत नाही. अक्षर एकही बदललेले नसताना अर्थ मात्र डळमळू लागतो.

कित्येक भाषांत हा डळमळाट केवळ डोळ्यांपुरता असतो. परंतु डोळ्यांची फसगत हीही लहान गोष्ट नव्हे. सी या भाषेत ओळ आत सरकवली काय अन् न सरकवली काय, यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपल कंपनीला आपल्या उपकरणांतील एक गंभीर दोष दुरुस्त करावा लागला. समोरचे संकेतस्थळ खरे की तोतया, याची तपासणी करणाऱ्या आज्ञावलीत 'अमुक चूक आढळली तर येथून बाहेर पड' अशा अर्थाची आज्ञा होती. बाहेर पडण्याची ती ओळ तेथे दोनदा लिहिली गेली होती, आणि दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या होत्या. पाहणाऱ्याला दोन्ही त्या अटीच्या पोटातल्या वाटत. यंत्राच्या लेखी मात्र अट पहिल्या ओळीपुरतीच होती आणि दुसरी ओळ बिनशर्त होती. पुढची तपासणी कधी झालीच नाही, आणि निकाल मात्र 'सर्व ठीक' असा मिळत राहिला. वर्षाहून अधिक काळ हे असेच चालू होते. कोऱ्या जागेने सांगितले एक आणि अक्षरांनी सांगितले दुसरे; माणसांनी कोऱ्या जागेवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या काही भाषांनी कोऱ्या जागेलाच अर्थ दिला. गिडो व्हॅन रॉसम यांची पायथन ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत कोणती आज्ञा कोणाच्या पोटात, हे केवळ ओळ किती आत आहे यावरून ठरते. तिच्या लेखनसंकेतात चार मोकळ्या जागांची शिफारस आहे, आणि २००८ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत टॅब व मोकळ्या जागा यांची संदिग्ध भेसळ केल्यास यंत्र ती आज्ञावली चालविण्याचेच नाकारते. याच्याही आधी, १९७६ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन रचले, त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे असा नियम पडला. थोड्याच दिवसांत तो गैरसोयीचा आहे हे त्यांच्या ध्यानात आले. पण तोवर दहाबारा जण ते साधन वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडावयाची नाही म्हणून नियम तसाच ठेवला गेला. त्या दहाबारांच्या जागी पुढे जगभरचे असंख्य लोक आले आणि नियम कायम राहिला. ज्यांनी सरकारी कचेरीतील 'पूर्वापार वहिवाट' जवळून पाहिली आहे, त्यांना या कथेचे आश्चर्य वाटणार नाही.

तात्पर्य, टॅब वापरावा की मोकळ्या जागा? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. मोकळ्या जागा मोजून टाकणारा छापखान्याच्या परंपरेतला; त्याने ठरविलेले अंतर सर्वांना सारखेच दिसते. टॅब वापरणारा वाचकाला स्वातंत्र्य देतो. ज्याची दृष्टी अधू आहे तो आपल्या पडद्यावर आपल्याला मानवेल ती रुंदी ठेवू शकतो, आणि समर्थांनी सांगितलेली म्हातारपणीच्या डोळ्यांची चिंता येथे आपोआप मिटते. लिनक्सच्या मूळ आज्ञावलीत आठ घरांचा टॅब चालतो. तेथील संकेत असे म्हणतो, की तीनहून अधिक पायऱ्या आत जाण्याची पाळी आली तर दोष रुंदीचा नसून तुमच्या रचनेचा आहे. देवनागरीत लिहिणाऱ्याने तर एक पथ्य अवश्य पाळावे. आपल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते. 'क्षी' हे डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाच्या लेखी चार चिन्हे. म्हणून ओळीच्या मध्ये रकाने जुळविण्याचा हट्ट धरू नये. कोरी जागा ओळीच्या आरंभीच शोभते.

यावर शहाणी माणसे ज्या तोडग्यावर आली, तो मला फार मोलाचा वाटतो. आज्ञावलीच्या मूळ कप्प्यात 'एडिटरकॉन्फिग' नावाची एक छोटी संचिका ठेवतात. ओळी टॅबने सरकवावयाच्या की मोकळ्या जागांनी, आणि रुंदी किती, एवढे तीत दोनचार ओळींत लिहिलेले असते. जो कोणी ते काम उघडील त्याचा एडिटर ती वाचतो आणि स्वतःची आवड बाजूला ठेवून त्या कामापुरता तो नेम पाळतो. गो नावाच्या भाषेने तर याहून पुढे जाऊन सर्वांचे लेखन एकाच साच्यात बसवून देणारे साधनच भाषेबरोबर दिले. लाल वहीच्या घड्या पुन्हा वहीच्या अंगात आल्या, एवढाच याचा अर्थ.

आम्हा सरकारी नोकरांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कायद्याच्या एखाद्या कलमात खंडांची यादी झाल्यावर शेवटची ओळ पुन्हा समासाशी येते, तेव्हा ती सर्व खंडांना लागू असते. पुनर्टंकलेखनात तीच ओळ चुकून आत सरकली, तर तीमधील अट फक्त अखेरच्या खंडापुरती उरल्याचा भास होतो, आणि कोणाचा तरी हक्क त्या दोन बोटे जागेत अडकून पडतो. आज आमचे आदेश, नियम आणि जमिनीच्या नोंदी कागदावरून पडद्यावर गेलेल्या आहेत, आणि एका यंत्रावर केलेली मांडणी दुसऱ्या यंत्रावर तशीच दिसेल याची हमी शिसे देत होते तशी आता कोणी देत नाही. म्हणून कलमांना क्रमांक द्यावेत, पोटकलमांना अक्षरे द्यावीत, आणि जो अर्थ शब्दांत सांगता येतो तो केवळ कोऱ्या जागेवर सोपवू नये. जेथे सोपवावाच लागेल तेथे तिचा नेम त्या दस्तऐवजाबरोबरच लिहून ठेवावा. शंभर वर्षांनी कोणी आपली संचिका उघडील, तेव्हा आपल्या यंत्राच्या खुंट्या कोठे होत्या हे सांगावयास आपण असणार नाही. मोडीचे रुमाल सोडून वाचणाऱ्या अभ्यासकांना आज जे कष्ट पडतात, ते पुढच्यांना आपल्या साध्या दुर्लक्षामुळे पडू नयेत, इतकेच मला सुचवावयाचे आहे.